वेशीतली दिंडी



बीडच्या जुन्या भागात कुणालाही पत्ता विचारा, सांगणारा वेशीपासून सुरुवात करतो. राजुरी वेशीतून आत जा, कोतवाली वेशीजवळ थांबा, असं. गाव वेशी ओलांडून चारी बाजूंना कितीतरी लांब पसरलं. बिंदुसरेच्या दोन्ही काठांना वस्ती झाली. १७ सप्टेंबर २०२५ ला अहिल्यानगरहून बीडला रेल्वेही आली. रात्री वेशीचे दरवाजे लावायला आता कुणी उरलेलं नाही. पण बोलण्यातून वेस गेली नाही. अब्रू जाते तेव्हा ती वेशीवरच टांगली जाते, आणि पाहुण्याला निरोप द्यायचा तो वेशीपर्यंत जाऊन.

जुन्या गढीचा किंवा वाड्याचा मोठा दरवाजा तुम्ही पाहिला असेल, तर त्याच्या एका फळीत बसवलेलं लहान दारही पाहिलं असेल. त्याला दिंडी म्हणतात. दिंडी म्हटलं की आपल्याला पंढरीची वाट आठवते, पण या दाराचंही नाव तेच. मोठा दरवाजा दिवस मावळला की बंद. त्यानंतर कुणी आलं, तर आतला पहारेकरी विचारणार : कोण, कुठून, कुणाकडं? उत्तर पटलं तर दिंडीची कडी निघणार. एका वेळी एकच माणूस आत येणार, तोही वाकून. घोड्यावर बसून नाही, गाडी-बैल घेऊन नाही.

आज मला बोलायचंय ते या दिंडीबद्दल. फक्त ती दगडी वेशीतली नाही, घरातल्या संगणकातली आहे. संगणकाच्या वेशीला फायरवॉल म्हणतात. मी कवितेतला माणूस, शिक्षण बी. ए. पर्यंतचं. पण ही गोष्ट समजायला यंत्राचं शिक्षण लागत नाही, दरवाजा पाहिलेला असला तरी पुरतं. आणि बहुतेक घरांत ती समजून घ्यायची वेळ येते कधी? पोरांना खेळायचं असतं आणि खेळ काही केल्या चालत नाही, तेव्हा.

आधी शब्दाचं बघू. फायरवॉलचं भाषांतर ‘आगीची भिंत’ असं केलं, तर भलतंच चित्र डोळ्यांपुढं येतं. मूळ अर्थ उलटा आहे. एका घराला लागलेली आग शेजारच्या घरात जाऊ नये म्हणून मधे बांधलेली भिंत, ती फायरवॉल. मोटारीत इंजिन आणि माणसांची बसायची जागा यांच्यामधे जो पत्रा असतो, त्यालाही हाच शब्द आहे. आपल्याकडं कडब्याची गंजी घरापासून लांब रचतात, त्यामागं हाच विचार. आग लागणारच नाही असं कुणी म्हणत नाही. लागली तर ती पसरू नये, एवढी तजवीज.

संगणकाच्या जगात ही तजवीज करायची वेळ १९८८ च्या सुमाराला आली. त्या वर्षी २ नोव्हेंबरला रॉबर्ट मॉरिस नावाच्या अमेरिकी विद्यार्थ्यानं एक छोटा प्रोग्रॅम महाजालात सोडला. तो एका संगणकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात आपोआप शिरत गेला. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे सहा हजार संगणक त्यानं अडवून ठेवले. तोवर महाजालातली मंडळी एकमेकांना ओळखून होती, विद्यापीठांची आणि संशोधन संस्थांची छोटी वस्ती होती ती. दारं उघडी टाकून झोपायची सवय होती. त्यानंतर मात्र वेशी बांधायला सुरुवात झाली.

आता ही वेस काम कसं करते ते सांगतो. संगणकाला बाहेरच्या जगाशी बोलण्यासाठी दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. ती आकड्यांनी ओळखली जातात, शून्यापासून ६५,५३५ पर्यंत. म्हणजे एकूण ६५,५३६ दारं. घाबरू नका, ही दारं लाकडाची नाहीत, नुसते आकडे आहेत, पत्रावरच्या पिनकोडसारखे. वेबसाइट ८० आणि ४४३ या क्रमांकांवर भेटतात. वेगवेगळ्या कामांना वेगवेगळे क्रमांक ठरलेले असतात.

फायरवॉल या दारांवर बसलेला पहारेकरी आहे. विंडोजच्या संगणकावर त्याचा सर्वसाधारण नियम असा : आतून बाहेर जाणाऱ्याला तो सहसा अडवत नाही. तुम्ही बाहेर पत्र धाडलं, तर त्याचं उत्तर घेऊन येणाऱ्यालाही तो ओळखतो आणि आत सोडतो. पण तुम्ही कुणाला बोलावलेलं नसताना बाहेरून कुणी येऊन कडी वाजवली, तर तो दार उघडत नाही. एवढंच त्याचं शहाणपण, आणि ते बऱ्याच वेळा पुरेसं असतं.

मग खेळाला तो का अडवतो? कारण महाजालावरचे खेळ दोन तऱ्हेचे असतात. एका तऱ्हेत तुम्ही कंपनीच्या मोठ्या संगणकाकडं जाता, बाकीचे गडीही तिथं येतात. जत्रेला जावं तसं. यात तुम्ही बाहेर जाता, म्हणून पहारेकरी सहसा हरकत घेत नाही. दुसऱ्या तऱ्हेत खेळ तुमच्याच संगणकावर मांडलेला असतो आणि इतरांनी तुमच्याकडं यायचं असतं. अंगणात पट मांडून गड्यांना हाक मारावी तसं. इथं बाहेरचा माणूस आधी तुमचं दार वाजवतो. पहारेकऱ्याला तो पाहुणा आहे की चोर, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून तो पडद्यावर एक खिडकी उघडून घरधन्याला विचारतो : या प्रोग्रॅमला येऊ देऊ का?

हा प्रश्न नीट वाचणारी माणसं फार थोडी. घाईत कुणी ‘हो’ म्हणतं, घाईत कुणी ‘रद्द’ म्हणतं. आणि ‘रद्द’ दाबलं की बहुतेक वेळा पहारेकरी तो कायमचा हुकूम समजतो. पुन्हा विचारत नाही. एकाच प्रोग्रॅमबद्दल एक नियम होकाराचा आणि एक नकाराचा असला, तर विंडोजच्या फायरवॉलमधे नकार वरचढ ठरतो. पहारेकऱ्यानं तसंच वागायला हवं. पण त्यामुळं पुढं घोळ होतो तो असा.

माझी धाकटी बहीण घरी बसून लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. खरिपात पीक विम्याचे, शाळा-कॉलेजं उघडली की प्रवेशाचे, मग शिष्यवृत्तीचे. ऊसतोडीला जाणारी माणसं दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात, ती त्याआधी राहिलेले कागद तिच्याकडून करून घेतात. एक जुना, दुसऱ्या हातानं घेतलेला संगणक आहे. दिवसा त्याच्यावर तिचं काम, संध्याकाळी तो धाकट्या भाच्याच्या ताब्यात. थोरला भाचा पुण्याला नोकरी करतो. रमजान ईदला तो आपला लॅपटॉप घेऊन आला, आणि दोघा भावांनी माइनक्राफ्ट खेळायचं ठरवलं. हा खेळ मूळचा स्वीडनचा, २०११ पासून जगभर गाजलेला. ठोकळ्यावर ठोकळा ठेवून घरं बांधायची, किल्ले बांधायचे. धाकट्यानं आपल्या संगणकावर खेळ मांडला. थोरल्याच्या लॅपटॉपवर त्या खेळाचं नाव दिसायचं, पण आत शिरता यायचं नाही. घरातल्या दोन खोल्यांतले दोन सख्खे भाऊ, आणि एकाच्या संगणकात दुसऱ्याला मज्जाव.

धाकट्यानं ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, फायरवॉल बंदच करून टाक, कटकट मिटेल. पोरगं ते करायला निघालं. माझ्या बहिणीनं ते ऐकलं आणि ती म्हणाली, बंद काय करायचं असेल तर तो खेळ बंद करा. माझा संगणक माझ्या कामासाठी आहे.

पोरगं माझ्याकडं बघून म्हणालं, “मामू, तुम बोलो ना अम्मी को.” आमच्या घरातली बोली दखनी. पण दखनीत असो की मराठीत, मला त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं, कारण बहिणीचं म्हणणं खरं होतं. त्या संगणकात गल्लीतल्या निम्म्या घरांच्या कुंडल्या आहेत. कुणाचं आधार कार्ड, कुणाचा सातबारा, कुणाच्या पासबुकाचं पहिलं पान, कुणाच्या लेकीचा फोटो आणि जन्मतारीख. माणसांनी ते कागद माझ्या बहिणीवर विश्वास टाकून दिलेले आहेत. खेळासाठी मोठा दरवाजा सताड उघडायचा, तर तो एका घराचा उघडत नव्हता, सगळ्या गल्लीचा उघडत होता.

हे भय पोकळ नाही. ऑगस्ट २००३ मधे ब्लास्टर नावाचा किडा जगभर पसरला. त्याला कुणी फाइल उघडायची, कुठं बोट ठेवायची गरज नव्हती. संगणक महाजालाला जोडलेला आहे, १३५ क्रमांकाचं दार उघडं आहे आणि विंडोजमधली दुरुस्ती केलेली नाही, एवढं त्याला पुरत होतं. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि संगणक बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा. त्या दिवसांत नेट कॅफे चालवणाऱ्या मंडळींना ती मोजणी आठवत असेल. गंमत अशी, की विंडोज एक्सपीमधे २००१ पासूनच फायरवॉल होती, पण ती आपणहून चालू नसायची. पहारेकरी नेमलेला, पण झोपलेला. ऑगस्ट २००४ मधे सर्व्हिस पॅक २ आला आणि तेव्हापासून तो सुरुवातीपासूनच जागा राहू लागला.

पुढं १२ मे २०१७ ला वॉनाक्राय आला. या वेळी दार होतं ४४५ क्रमांकाचं, एकाच जाळ्यातले संगणक एकमेकांच्या फाइली ज्या दारानं बघतात ते. एक संगणक सापडला की तो शेजारच्या संगणकात शिरायचा, सगळ्या फाइलींना कुलूप लावायचा आणि किल्लीसाठी खंडणी मागायचा. दीडशेवर देशांतले संगणक त्यानं धरले. ब्रिटनमधल्या इस्पितळांना रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढं ढकलाव्या लागल्या. याच्यावरची दुरुस्ती मार्च २०१७ मधेच निघालेली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती आणि ज्यांचं दार आतल्या बाजूनं उघडं होतं, त्यांचं नुकसान झालं.

तर आमच्या घरात त्या संध्याकाळी दोनच मतं होती. एक, वेस पाडा. दुसरं, वेस कायमची लावून घ्या. थोरला भाचा म्हणाला, तिसरं आहे. आणि दहा मिनिटांत त्यानं ते करून दाखवलं. ते मी जवळ बसून पाहिलं, म्हणून क्रमानं सांगू शकतो. तुमच्याही घरात उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, त्यानं घरातल्या वायफायची नोंद तपासली. विंडोज प्रत्येक जाळ्याला दोन जातींत बसवतं : पब्लिक आणि प्रायव्हेट. पब्लिक म्हणजे बसस्टँड, लॉज, कॉलेज, जिथं शेजारी कोण बसलाय माहीत नाही. प्रायव्हेट म्हणजे घर. नवं वायफाय जोडलं की ते बहुतेक वेळा पब्लिकमधेच जाऊन बसतं, कारण संशय धरणं सुरक्षित. आमच्या घराचं वायफाय विंडोजच्या लेखी बसस्टँडच होतं. सेटिंग्जमधे जाऊन, नेटवर्कच्या पानावर ते प्रायव्हेट करता येतं.

पण तसं करण्याआधी त्यानं आईला विचारलं, “अम्मी, आपला पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?” उत्तर निघालं, तीन घरांना. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आल्या, तेव्हा शेजारच्या मुलांना तासाला बसता यावं म्हणून बहिणीनं तो दिला होता. चांगलंच केलं होतं. पण ज्या जाळ्यात तीन घरांचे मोबाइल फिरतात, त्याला घर म्हणून नोंदवायचं कसं? आणि आता शेजाऱ्यांना नाही म्हणायचं कसं? यावरही तोड निघाली. बऱ्याच राउटरमधे गेस्ट नेटवर्कची सोय असते. त्याला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड द्यायचा. शेजाऱ्यांना इंटरनेट मिळतं, पण तुमच्या संगणकापर्यंत त्यांना वाट नसते. आलेल्याला ओसरीवर बसवायचं, चहापाणी करायचं, माजघरात न्यायचं नाही. आपल्या वडीलधाऱ्यांनी हेच केलं, आणि त्यात कुणाचा अपमान झाला नाही. घरच्या वायफायचा पासवर्ड बदलला, शेजाऱ्यांना ओसरीचा दिला.

दुसरी गोष्ट, फायरवॉलमधली यादी. स्टार्टच्या खिडकीत ‘फायरवॉल’ असं इंग्रजीत टाइप केलं, की ‘अलाऊ ॲन ॲप थ्रू विंडोज फायरवॉल’ असं एक पान सापडतं. त्यात प्रोग्रॅमची नावं एकाखाली एक असतात आणि पुढं दोन चौकटी : प्रायव्हेट आणि पब्लिक. ‘चेंज सेटिंग्ज’ दाबल्यावरच त्या चौकटींना हात लावता येतो. हव्या त्या प्रोग्रॅमपुढं फक्त प्रायव्हेटवर टिक करायची, पब्लिक मोकळी ठेवायची. नाव यादीत नसेल तर ‘अलाऊ अनदर ॲप’ असं बटण आहे, तिथून प्रोग्रॅमची फाइल दाखवता येते.

इथं आणखी एक अडचण होती. यादीत माइनक्राफ्ट हे नाव नव्हतंच. हा खेळ जावा नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आधारावर चालतो, म्हणून पहारेकऱ्याच्या वहीत जावाचं नाव होतं. धाकट्याला काही महिन्यांपूर्वी पडद्यावर विचारलं गेलं होतं, जावाला येऊ देऊ का? हा कोण जावा, असं म्हणून त्यानं ‘रद्द’ दाबलं होतं. ओळख नसलेल्याला नकार दिला, हे त्यानं ठीकच केलं. फक्त तो पाहुणा आपलाच होता, दुसऱ्याच्या नावानं आलेला.

टिक पडली, दोघे भाऊ एका खेळात आले, किल्ल्याचं बांधकाम सुरू झालं. वेस जागच्या जागी राहिली, दिंडीची तेवढी कडी निघाली. थोरल्यानं शेवटी धाकट्याला एक सांगितलं, ते मला फार आवडलं. “मी पुण्याला गेलो की ती टिक काढून टाक. मी येईन तेव्हा पुन्हा कर.” परवानगीला मुदत असावी, हे आपण विसरतो. पाहुणा जातो आणि दिंडी उघडीच राहते.

घराबाहेरचा मित्र आपल्या संगणकावर खेळायला बोलवायचा असेल, तर मधे दुसरी वेस लागते, राउटरची. तिच्यातही एखादा क्रमांक उघडून द्यावा लागतो. हे काम जाणकाराला शेजारी बसवूनच करावं. राउटरमधे डीएमझेड नावाची एक सोय असते, तिनं एका संगणकाची बाहेरच्या जगाकडची जवळजवळ सगळी दारं एकदम मोकळी होतात. सोपं म्हणून तोच उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. ज्या संगणकात लोकांचे कागद आहेत, त्याला तो करू नये. आणि संगणक जुना असेल, विंडोज १० वरचा असेल, तर त्याला नेहमीच्या मोफत दुरुस्त्या मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं आहे, हे ध्यानात ठेवावं. पुढच्या दुरुस्त्यांसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. भिंतीला चिरा पडल्यावर पहारेकरी एकटा किती पुरणार?

ज्यांच्या घरी संगणक नाही, त्यांनी हे आपल्या कामाचं नाही असं समजू नये. मोबाइलवर नवा खेळ घेतला की तो विचारतो, फोटो बघू का, माइक वापरू का, फोनमधली नावं वाचू का. तीही दिंडीच आहे. ठोकळे रचायच्या खेळाला तुमच्या नातेवाइकांचे नंबर कशाला हवेत, एवढं विचारलं तरी बोट थांबतं.

आता थोडं नावाबद्दल. तरुणपणी एका शहरात मी भाड्याची खोली बघायला गेलो होतो. मराठी ऐकून घरमालक खूश झाले, भाडं ठरलं, आणि मग त्यांनी नाव विचारलं. नाव सांगितलं, तर खोली आदल्याच दिवशी दुसऱ्याला दिल्याचं त्यांना आठवलं. असा अनुभव अनेकांच्या गाठीशी असतो, कुणाला आडनावावरून येतो, कुणाला गावावरून. गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेल्या माणसांना तर वेशीची दुसरी बाजू कुणी शिकवायला नको. भिंत जशी राखते, तशी ती बाहेरही ठेवते. म्हणून वेशीचं कौतुक करताना मी जरा बेतानं करतो.

फायरवॉलची ओळख झाली तेव्हा मला एका गोष्टीचं बरं वाटलं. हा पहारेकरी आडनाव विचारत नाही. तू कुठून आलास, कुठल्या दारानं जाणार, कुणी बोलावलंय का, हे विचारतो. आणि नुसत्या नावावर भरवसाही ठेवू नये, असं जाणकार सांगतात. परवानगी मागणाऱ्या खिडकीत तीन गोष्टी दिलेल्या असतात : प्रोग्रॅमचं नाव, तो तयार करणाऱ्याचं नाव आणि ती फाइल संगणकात कुठं आहे तो पत्ता. लबाड प्रोग्रॅम चांगल्या खेळाचं नाव लावून येऊ शकतो, त्याच्या पत्त्यावरून तो सापडतो. फुकट मिळालेल्या चोरीच्या खेळांत असे पाहुणे फार. उलट जावासारखं परकं नाव आपल्याच माणसाचं असू शकतं. नाव ऐकून घ्यावं, पण निर्णय कामावरून करावा. संगणकाला जमतं, तर आपल्यालाही जमायला हरकत नाही.

शेवटी, मुलांच्या खेळाबद्दल. पालक मला म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, खेळ बंद केला की झालं. त्यांची काळजी मला कळते. खेळाच्या नावाखाली पैशाचा जुगार घराघरात शिरला होता. म्हणूनच ऑगस्ट २०२५ मधे संसदेनं ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पण तो कायदाही नीट बघावा. त्यानं सरसकट खेळ बंद केलेले नाहीत. पैसे लावून खेळायचे खेळ बंदीच्या बाजूला टाकले, आणि स्पर्धेचे, शिकण्याचे, मनोरंजनाचे खेळ परवानगीच्या बाजूला ठेवले. दरवाजा कुठला आणि दिंडी कुठली, हे वेगळं करायचा तो प्रयत्न आहे.

घरातही हेच करावं लागतं, आणि ते बंदी घालण्यापेक्षा अवघड आहे. बंदीला विचार लागत नाही, मोकळीकीलाही लागत नाही. दिंडी उघडायची तर दारापाशी जाऊन बसावं लागतं. कोण आलंय ते विचारावं लागतं. मुलगा कुणाशी खेळतो, खेळात बोलतो ते कुणाशी, हे माहीत करून घ्यावं लागतं. सरसकट बंदी घातलेली मुलं खेळायचं थांबवत नाहीत. ती दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या मोबाइलवर खेळतात, जिथं दारावर कुणीच नसतं. आणि कधीकधी, भाऊ पुण्याला आणि आपण बीडला असलो, की एकत्र रचलेले ते चार ठोकळे हीच वर्षातली भेट असते. ती तोडून आपण काय राखतो, याचाही हिशेब आईबापांनी करावा.

तेव्हा येत्या सुट्टीच्या दिवशी एक करा. घरातल्या पोरांना घेऊन संगणकापुढं बसा आणि फायरवॉलची ती यादी उघडा. प्रत्येक टिकेपुढं थांबून विचारा, हा कोण, याला कुणी आत घेतलं, याचं काम अजून आहे का? विंडोजनं स्वतःसाठी केलेल्या टिका असतील, त्या तशाच ठेवा. पण कधीतरी घेतलेल्या, आता कुणाला आठवतही नसलेल्या प्रोग्रॅमची टिक काढून टाका. अडलं तर ती परत देता येते. आणि पोरांनी नव्या खेळासाठी टिक मागितली, तर लगेच नाही म्हणू नका. आधी तो खेळ काय आहे, ते त्यांच्याकडून समजून घ्या.

नमस्कार. आदाब.